साधन कोणाच्या हातचे? : धूळपाटीपासून लॅपटॉपपर्यंत

पनवेलहून उरणकडे निघाले की वाटेत जासई लागते. भातशेती आणि मिठागरे यांच्या आधाराने जगणारा हा एके काळचा परिसर. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि तेव्हापासून या भागात कंटेनरांची जी रांग लागली ती अद्याप थांबलेली नाही. त्या लोखंडी पेट्यांत काय भरले आहे हे रस्त्याकडेच्या माणसाला दिसत नाही. पेटी सीलबंद येते आणि सीलबंदच पुढे जाते. या बंदरासाठी आणि त्याआधी नव्या मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या शेतकऱ्यांनी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे सरकारला मान्य करावे लागले, ते या लढ्यामुळे. लढ्याचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. पण त्या लढ्याने विचारलेला प्रश्न आम्हांला येथे उसना घ्यावयाचा आहे. नवे येते आहे, ते येणारच. परंतु ज्यांच्या आयुष्यावर ते उभे राहणार आहे, त्यांचा त्यात वाटा कोणता?

हा प्रश्न शाळेलाही लागू पडतो असे आम्हांला वाटते. शाळेतही गेली दोनशे वर्षे नवनवी साधने येत आहेत. दगडी पाटी आली, छापील पुस्तक आले, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी आली, संगणक आला, आता कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी आहे. या साधनांचा इतिहास बहुधा प्रगतीची चढती कमान म्हणून सांगितला जातो. तो थोडा निराळ्या बाजूने पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. जवळजवळ प्रत्येक साधनाबरोबर एक आश्वासन आले : आता शिक्षक कमी लागेल, किंवा लागणारच नाही. आणि जेथे शिक्षकाने ते साधन स्वतःच्या हातात घेऊन मोडले, जोडले, बदलले, तेथेच ते टिकले. या विधानाला पुष्टी देणारी काही उदाहरणे महाराष्ट्राच्या भूमीवरच आहेत. त्यांतले एक तर जासई ज्या जिल्ह्यात आहे त्या रायगडमधलेच आहे.

पंतोजींची धूळ

इंग्रजी अमलापूर्वीच्या आपल्या शाळेचे चित्र सर्वपरिचित आहे. पंतोजींचे घर, एखाद्या सधन माणसाची ओसरी किंवा देवळाची पडवी ही शाळेची जागा. लाकडी फळीवर विटेची किंवा तांबड्या मातीची बारीक धूळ पसरायची, लाकडी काडीने त्यात अक्षर काढायचे, तळहात फिरवला की फळी पुन्हा कोरी. हीच धूळपाटी, आणि तिच्यावर गिरवली जाणारी ती धुळाक्षरे. हात बसला की मग बोरू, शाई आणि मोडीचा कित्ता. गणित तोंडी चाले. साध्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे असत आणि संध्याकाळी परवचा म्हणताना ते घोटले जात. मोठा मुलगा लहानाला गिरवायला शिकवी. त्यासाठी निराळे नाव किंवा पद्धत नव्हती. एका पंतोजीला अनेक वयांची मुले एकाच वेळी सांभाळायची म्हटल्यावर दुसरा उपायच नव्हता.

तंत्रज्ञान हा शब्द आपण यंत्रासाठी राखून ठेवला आहे, म्हणून धूळपाटीला तंत्रज्ञान म्हणताना संकोच वाटतो. वास्तविक ती विलक्षण नेमकी रचना होती. तिला कागद लागत नसे, शाई लागत नसे, चुकीची खूण मागे उरत नसे, आणि ती बिघडली तर गावातला कोणीही ती पुन्हा तयार करू शकत असे.

मात्र या शाळेचे गोडवे गाताना जपून असावे. तिच्या पडवीत कोण बसू शकत होते हे विसरून चालणार नाही. मुलींना तेथे जवळपास जागा नव्हती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना ती नव्हतीच. धूळ सर्वांच्या पायांखाली होती. तिच्यात अक्षर काढण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. साधन स्वस्त आणि सुलभ असले म्हणजे ज्ञान आपोआप सर्वांचे होते, या समजुतीला आपल्याच इतिहासाने फार पूर्वी छेद दिलेला आहे.

मद्रासहून लंडनला, लंडनहून मुंबईला

१७८७ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक हिंदुस्थानात आला. मद्रासच्या एग्मोर भागात लष्करातील लोकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या आश्रमाची देखरेख त्याच्याकडे आली. तेथील शिक्षकांवर तो संतुष्ट नव्हता. अशा वेळी एका मलबारी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. आपल्या शाळेत हा प्रयोग करण्यास शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला हाताशी धरले आणि त्याच्याकरवी लहान मुलांना मुळाक्षरे शिकविली. १७९७ साली लंडनमध्ये त्याने या प्रयोगाचा अहवाल छापला. १७९८ च्या सुमारास त्याच शहरात जोसेफ लँकेस्टर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवू लागला होता. दोघांची पद्धत पुष्कळशी सारखी होती आणि श्रेय कोणाचे यावरून त्यांच्या अनुयायांत मोठा वादही झाला.

लँकेस्टरच्या हातात या पद्धतीला कारखान्याचे रूप आले. प्रचंड मोठी एकच खोली, बाकांच्या रांगा, प्रत्येक रांगेवर एक विद्यार्थी-नायक, अगदी लहानांसाठी वाळूचे तबक, त्यांच्या पुढच्यांसाठी दगडी पाटी. प्रत्येकाला पुस्तक देण्याऐवजी मोठ्या अक्षरांत छापलेला एकच तक्ता भिंतीवर टांगायचा आणि मुलांनी अर्धवर्तुळात उभे राहून तो वाचायचा. अशा शाळेत एक शिक्षक हजार मुलांना शिकवू शकतो असा त्याचा दावा होता. ही पद्धत थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत पसरली. शिक्षणाच्या इतिहासात जगभर निर्यात झालेले हे बहुधा पहिले 'मॉडेल' असावे.

आणि ते आपल्याकडे परत आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने १८२२ साली मुंबईत देशी शाळा आणि शालापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा चिटणीस. मराठीत गणिताची पुस्तके तयार करविणे आणि लँकेस्टरच्या पद्धतीत शिक्षकांना तयार करून जिल्ह्यांत पाठविणे ही तिची मुख्य कामे होती. ज्या देशातल्या ओसरीवर मोठा मुलगा लहानाला गिरवायला शिकवीत होता, त्याच देशात ती गोष्ट विलायती शिक्का घेऊन 'सुधारणा' म्हणून उतरली.

फरक कोठे पडला? पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानाला शिकवी तेव्हा पंतोजी तेथेच बसलेले असत; कोणता मुलगा कोठे अडला हे त्यांना ठाऊक असे. लँकेस्टरच्या रचनेत शिक्षक हा देखरेख करणारा झाला, आणि विद्यार्थी-नायकाचे काम पाठ पुढे सरकविण्यापुरते उरले. ही पद्धत स्वस्त होती, हेच तिचे मोठे आकर्षण आणि तेच तिचे वैगुण्य. खुद्द इंग्लंडने १८४६ साली शिकाऊ शिक्षकांची निराळी व्यवस्था स्वीकारून तिच्यापासून दूर जाण्यास सुरुवात केली. जवळपास त्याच वेळी, १८४५ मध्ये, मुंबईत अध्यापकांना तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे देण्यात आली. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो; पण शिक्षक घडविल्यावाचून शाळा घडत नाही, हे ओळखणाऱ्या आपल्याकडील पहिल्या काही लोकांत त्यांची गणना केली पाहिजे.

या पर्वाचा आणखी एक परिणाम साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शाळेत छापील पुस्तक आले ते बाळबोध लिपीत. मोडी ही धावत्या हाताची लिपी. अक्षर पुढच्या अक्षरात मिसळून जाते, म्हणून सुटे खिळे जुळविणाऱ्या छापखान्याला ती गैरसोयीची. मोडीचे खिळे पाडलेच गेले नाहीत असे नाही, परंतु शालेय पुस्तकांचा मोठा ओघ बाळबोधातून वाहू लागला. परिणामी मूल वाची एका लिपीत आणि लिही दुसऱ्या लिपीत. ही दुहेरी व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली, आणि मग लिहिण्याची लिपीही छापील लिपीच्या मागे गेली. आज पुराभिलेखागारांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते वाचणारी माणसे मोजकी आहेत. मोडी बंद करा असा ठराव छापखान्याने केला नव्हता. साधन निवडले गेले आणि त्या निवडीच्या पोटात आणखी एक निवड होऊन गेली. आज मोबाइलच्या कळफलकावर रोमन अक्षरांत मराठी लिहिणारी मुले पाहिली म्हणजे हा इतिहास जुना झाला असे म्हणवत नाही.

त्याच छापील पुस्तकाने आणि सार्वजनिक शाळेने बंद दारेही उघडली, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच नव्या साधनांच्या आधाराने. परंतु फुले साधनांपाशी थांबले नाहीत. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न अग्रभागी आणला. शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातून यावेत, प्रसंग पडल्यास त्यांना नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरता यावी, आणि त्यांना बरा पगार मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध या दोहोंच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असेही त्यांनी सुचविले. शिक्षकाचा हात कोणत्या हत्याराला सरावलेला आहे याची चौकशी करणारा शिक्षणविचार त्या काळी दुर्मीळ होता. आजही तो फारसा सुलभ झालेला नाही.

फुल्यांच्या या विचाराचे एक टोक पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत पोहोचते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू झालेल्या या संस्थेने गावाकडून जागा, श्रम आणि धान्य घेऊन शाळा उभ्या केल्या. 'कमवा आणि शिका' हे तिचे सूत्र प्रसिद्धच आहे. जासईतही रयतचे विद्यालय आहे. गावाने ज्या शाळेत स्वतःचे काही घातलेले असते, ती शाळा वरून धाडलेली वस्तू राहत नाही. 'वाटा' या शब्दाचा शिक्षणातला अर्थ हाच.

कोसबाडची टेकडी

मारिया मॉण्टेसरींनी बालशिक्षणासाठी घडविलेली साधने ही विसाव्या शतकातील सर्वांत विचारपूर्वक बनविलेली साधने होत. गुलाबी मनोरा, दट्ट्यांचे ठोकळे, खरखरीत अक्षरे, रंगपट्ट्या. प्रत्येक वस्तूचे माप ठरलेले आणि प्रत्येक वस्तूत चूक मुलाला स्वतःलाच कळावी अशी योजना. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पण पद्धत खर्चिक होती. शहरातल्या बालमंदिरात जे शोभे, ते खेड्यात नेणार कसे?

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे या दोघींनी मॉण्टेसरीचे तत्त्व ठेवले आणि वस्तू बदलल्या. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या, माती यांतून मोजणी, वर्गीकरण, रंग, आकार, स्पर्श यांची साधने तयार झाली. इटलीत सुताराकडून रंधून घेतलेल्या ठोकळ्यांनी जे साधायचे ते पाड्याच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी साधता येते का, असा हा शोध होता. ते साधते, असे उत्तर मिळाले. वस्तू हरवली तर मूलच दुसरी आणून देई.

साधनांप्रमाणेच शाळेच्या जागेचीही त्यांनी पुनर्रचना केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल, ही अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला रानात जातात, तर शाळा कुरणात भरेल, ही कुरणशाळा. गुरे चरत असताना मुलाला मिळणारा मोकळा वेळ हाच शाळेचा तास. शाळेची वेळ आणि जागा या गोष्टीही साधनेच आहेत, आणि त्या बदलता येतात, हे इतक्या सहजपणे क्वचितच कोणी दाखवून दिले असेल. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना मिळालेले 'अंगणवाडी' हे नाव आज देशभर रूढ आहे. शब्द सर्वदूर गेला. बाईंनी स्वतः साधन घडविण्याची मोकळीक मात्र शब्दाबरोबर सर्वत्र गेली असे म्हणता येत नाही.

आकाशातून आणि भिंतीतून

पुढच्या काळात पाठ आकाशातून येऊ लागला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि मराठीतून शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती होऊ लागली. एका पिढीच्या शाळकरी सकाळी तिच्या बोधसुरांशी जोडलेल्या आहेत. पण निधीचा झरा आटला आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. ज्या काळात शैक्षणिक चित्रफितींची मागणी सर्वाधिक वाढली, नेमक्या त्याच काळात त्या तयार करण्याचा दीर्घ अनुभव असलेले सरकारी घर मिटले.

दरम्यान 'शिक्षक नसला तरी चालेल' हे जुने स्वप्न नव्या रूपात परतले होते. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी भिंतीत संगणक बसविला आणि वस्तीतल्या मुलांसाठी तो खुला ठेवला. मुले आपापली शिकली. पुढे असे संगणक इतर ठिकाणांबरोबर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खेड्यांतही बसविले गेले. तेथील मुले कोणी न शिकविता आठवीच्या संगणक विषयाच्या परीक्षेला सामोरी जाऊ शकतात, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. ही गोष्ट खरी आणि लक्षणीय आहे. मुलांच्या कुतूहलावर यापूर्वी इतका निःशंक विश्वास क्वचितच कोणी टाकला असेल. पण प्रयोगाची पुढची पायरी त्याहून बोलकी आहे. २००९ पासून मित्रांनी इंग्लंडमधील स्वयंसेवकांना, त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका, इंटरनेटवरून भारतीय मुलांशी बोलण्यास बसविले. त्यांनी शिकवायचे नव्हते. आजी करते तसे 'अरे वा, हे कसे केलेस?' एवढे विचारायचे होते. या मंडळाला नावही आज्यांचेच पडले. भिंतीतल्या यंत्राला शेवटी एक आजी लागली.

खैराटची बावीस मुले

आता रायगड जिल्ह्यात येऊ. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' असे या योजनेचे नाव. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, धूळ-पाणी सोसणारे, उन्हातही वाचता येईल असा पडदा असलेले, शेजारच्या यंत्राशी आपोआप जोडले जाणारे असे ते यंत्र होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते खरोखरच अपूर्व होते. त्यामागे सेमूर पेपर्ट या गणितज्ञ-शिक्षणतज्ज्ञाचा विचार होता. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, असे त्याचे म्हणणे. 'लोगो' ही मुलांसाठीची संगणक-भाषा घडविणाऱ्यांत तो अग्रणी होता.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, अशी त्यामागची भूमिका होती. तरीही २००७ च्या उत्तरार्धात भारतातला पहिला प्रायोगिक उपक्रम सुरू झाला, तो रायगडमधील खैराट-धनगरवाडा या छोट्या वस्तीच्या प्राथमिक शाळेत. एक खोली, पहिली ते चौथीचे वर्ग, एक शिक्षक आणि बावीस मुले. ज्या यंत्राबद्दल दावोसला आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर चर्चा झाल्या होत्या, ते या खोलीत उघडले गेले.

या दृश्यात पंतोजींची ओसरी आम्हांला दिसते. अनेक वयांची मुले, एक गुरुजी, आणि जे जमले ते दुसऱ्याला दाखविणारे मूल. लॅपटॉपची रचना अशा शाळेला अनुकूलच होती. पण यंत्र आणि शाळा यांच्यामध्ये उभा असलेला जो एकमेव शिक्षक, त्याला सर्व वर्गांचा अभ्यासक्रम पुरा करायचा होता, नोंदी ठेवायच्या होत्या आणि या यंत्राचा अर्थही लावायचा होता. जगव्यापी योजनेच्या आराखड्यात या माणसासाठी फारच थोडी जागा ठेवलेली होती. खैराटचा उपक्रम देशव्यापी योजनेचा आरंभ ठरला नाही. स्वस्त यंत्राची आशा मात्र टिकून राहिली. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' हा टॅबलेट मोठ्या गाजावाजाने आणला आणि थोड्याच वर्षांत तोही मागे पडला.

इतरत्र काय झाले? पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रे मुलांच्या हातात पोहोचली होती, पण गणित आणि भाषा यांतील संपादणुकीत फरक आढळला नाही. त्याच वर्षी इथिओपियातील दोन वस्त्यांत शिक्षकाविना नुसते टॅबलेट ठेवून पाहण्याचा प्रयोग झाला. म्हणजे स्वप्न अजून ओसरले नव्हते. उरुग्वेने २००७ पासून हीच यंत्रे घेतली, २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलापर्यंत पोहोचविली आणि सोबत दुरुस्तीची व शिक्षकांना साहाय्याची कायम व्यवस्था उभी केली. गुणांत चमत्कार तेथेही झाला नाही. परंतु ती व्यवस्था आजही चालू आहे. यंत्रे बदलली, संस्था राहिली. जेथे इंग्रजीचे शिक्षक नव्हते तेथे तिने दूरदर्शनाद्वारे जिवंत शिक्षक वर्गात आणले. जाळे तेच, पण ते शिक्षकाला पोहोचविण्यासाठी वापरले गेले.

बंद शाळांचा धडा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि साधनांची खरी परीक्षा सुरू झाली. घरात एक स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, आणि डोंगरात नेटवर्क नाही, ही राज्यातील असंख्य घरांची स्थिती. या काळात जे सुचले ते कोसबाडच्या वारशाला शोभणारे होते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविणारी 'बोलकी शाळा' भरली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले. मुले एकमेकांपासून अंतर राखून भिंती वाचू लागली. लँकेस्टरचा भिंतीवरचा तक्ता येथे पुन्हा अवतरला, फक्त या वेळी तो शिक्षकांनी आपल्या वस्तीसाठी स्वतः काढला होता.

याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिफीत, चित्रफीत, प्रश्न जोडण्याची त्यांची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत २०१७ च्या सुमारास स्वीकारली गेली होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. साधन साधे, जगात इतरत्र मालाच्या पेट्यांवर आणि दुकानांत वापरले जाणारे. त्याचा शालेय उपयोग एका खेड्यातल्या वर्गात सुचला आणि तेथून वर गेला. प्रवासाची दिशा अशी उलटी झाल्याची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून ती जपून ठेवावीत.

युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. हे साधन कोणाच्या अटींवर, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. त्याच वर्षी स्वीडनने लहान वर्गांत पडद्यांऐवजी छापील पुस्तकांकडे पुन्हा वळण्याचे धोरण जाहीर केले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. या तीन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण खैराटच्या शाळेत बावीस मुले होती, हे आठवले म्हणजे आकडा किती काठावरचा आहे ते कळते. अशा शाळा मिटल्या, तर पडद्यावरचा उत्तम पाठ पाहायला वस्तीतले मूल बसणार कोठे, आणि पाठ संपल्यावर 'कळले का रे?' असे त्याला विचारणार कोण?

आता कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे. प्रत्येक मुलाला त्याचा स्वतंत्र शिक्षक मिळेल, तो कधी थकणार नाही, कधी रागावणार नाही, असे सांगितले जात आहे. लँकेस्टरच्या हजार मुलांचे गणित येथे उलटे मांडलेले आहे, परंतु वजाबाकी तीच आहे. आम्ही या नव्या साधनाच्या विरोधात नाही. पाटीच्या आणि पुस्तकाच्या विरोधात उभे राहणारे कोठे पोहोचले हे आपल्याला ठाऊक आहे. आमचा आग्रह एवढाच की, मराठी शाळेत ते येईल तेव्हा ते उघडून पाहण्याचा, त्यात पाड्यावरची बोली घालण्याचा, चुकीचे वाटले तर बदलण्याचा आणि नको तेथे बाजूला ठेवण्याचा अधिकार वर्गातल्या शिक्षकाकडे असावा. त्यासाठी त्याला वेळ लागेल, प्रशिक्षण लागेल, आणि मुळात तो शाळेत असावा लागेल. तळहात फिरवून पाटी कोरी करता येणे, ही धूळपाटीची सोय पुढच्या कोणत्याही साधनाने इतक्या सहजपणे दिलेली नाही. नव्या साधनाकडून ती मागून घेण्याचे काम शिक्षक आणि गावालाच करावे लागेल.